इशारा आणि अडसर



निबंधाच्या वह्या तपासणाऱ्या शिक्षकाला दोन प्रश्न सोडवावे लागतात. लिहिलेल्या मजकुरात चूक कोठे आहे, हा पहिला; आणि त्या चुकीला किती महत्त्व द्यावयाचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर व्याकरणाच्या पुस्तकात मिळते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नसते. ते तपासणाऱ्याने आपल्या विवेकाने द्यावयाचे असते. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. अशा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ चुकले की अर्थच पालटतो. तेथे तांबड्या शाईने दयामाया दाखवू नये. परंतु एखाद्या मुलाने गोष्टीतील संवादात ‘गेले’ऐवजी ‘गेलं’ लिहिले, तर फार तर समासात पेन्सिलीची बारीक खूण करावी आणि पुढे जावे. दोन्ही ठिकाणी सारखीच तांबडी रेघ ओढणारा शिक्षक कडक म्हणून नावाजला जाईल. पण कोणती चूक मोठी आणि कोणती किरकोळ, हे त्याच्या विद्यार्थ्याला कधीच कळणार नाही.

आजचा माझा विषय वरकरणी निराळा आहे. संगणकासाठी आज्ञावली लिहिणाऱ्यांजवळ त्यांच्या वह्या तपासणारे एक साधन असते. त्याला ‘लिंटर’ म्हणतात. ह्या साधनाला तांबडी शाई कोठे वापरावी, पेन्सिल कोठे वापरावी आणि कोठे मुळीच काही बोलू नये, हे आधी सांगून ठेवावे लागते. ते कसे सांगावे, आणि सांगण्यात हयगय झाली तर काय घडते, ह्याविषयी मी आज बोलणार आहे. १९९८ साली माधापूरला सायबर टॉवर्सची इमारत सुरू झाली, तेव्हापासून हैदराबादेतील कितीतरी घरांची चूल ह्या उद्योगावर पेटू लागली. सकाळी मलकपेठेच्या स्थानकावर मेट्रोत चढून अमीरपेठेस गाडी बदलणाऱ्या तरुणांमध्ये आपली मराठी मुलेमुलीही आहेत. शाळांच्या वरच्या वर्गांतून पायथन भाषा शिकविली जाते. तेव्हा हा विषय आता मूठभर तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

लिंटरची जन्मकथा थोडक्यात सांगते. मनुष्याने लिहिलेली आज्ञावली यंत्राला समजावी म्हणून तिचे भाषांतर करणारी दुसरी एक आज्ञावली असते. तिला ‘कंपायलर’ असे नाव आहे. कंपायलर मुख्यतः व्याकरण पाहतो. वाक्य व्याकरणात बसले की त्याचे समाधान होते. ‘आजचा दीन आनंदाचा आहे’ हे वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे. पण लिहिणाऱ्याला हेच म्हणावयाचे होते काय, अशी शंका कोणत्याही जाणत्या वाचकाला येईल. अशी शंका घेणारे साधन १९७८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन ह्या संशोधकाने ‘सी’ नावाच्या भाषेसाठी तयार केले आणि त्याला ‘लिंट’ हे नाव दिले. लिंट म्हणजे कपड्यावर धरणारे बारीक तूस. कपडा फाटलेला नाही. पण घालण्यापूर्वी एकदा झटकून घ्यावा, असा त्या नावातील भाव आहे. पुढे बहुतेक भाषांसाठी अशी साधने निघाली. जावास्क्रिप्ट भाषेसाठी निकोलस झाकास ह्यांनी २०१३ साली ‘ईएसलिंट’ सुरू केले. पायथनसाठी ‘पायलिंट’ आहे.

ईएसलिंटमध्ये नियम पुष्कळ आहेत आणि प्रत्येक नियमाला तीनपैकी एक पायरी देता येते. ‘ऑफ’, ‘वॉर्न’ आणि ‘एरर’ अशी त्या पायऱ्यांची नावे. अंकांनी लिहावयाचे तर ०, १ आणि २. कामाच्या मुळाशी एक लहानशी फाइल असते, तिला सारे ‘कॉन्फिग’ म्हणतात. तीत ह्या पायऱ्या लिहून ठेवावयाच्या. ‘ऑफ’ म्हणजे नियम निजलेला. ‘वॉर्न’ म्हणजे इशारा: लिहिणाऱ्याच्या पडद्यावर त्या शब्दाखाली पिवळी नागमोडी रेघ उमटते. ‘एरर’ म्हणजे अडसर: तीच रेघ तांबडी होते.

रंगाचा हा भेद डोळ्यांना दिसतो. पण खरा भेद तपासणी संपल्यावर कळतो. तपासणी संपताच हे साधन एक आकडा मागे ठेवते, आणि पुढची यंत्रे तो आकडा पाहून वागतात. गटातील सर्वांचे काम जेथे एकत्र होते, त्या दारावर हा आकडा वाचला जातो. आकडा शून्य असेल तर दार उघडते. एक असेल तर बंद राहते. आता लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की इशारे तीनशे झाले तरी आकडा शून्यच राहतो. एरर एकच असली तरी आकडा एक होतो. म्हणजे इशारा हा माणसाशी बोलतो आणि एरर ही दाराशी बोलते. माणसाने लक्ष दिले नाही तर इशारा निष्फळ ठरतो; अडसराला मात्र कोणाच्या लक्ष देण्याची अपेक्षा नसते.

पायलिंटने हीच गोष्ट गुणांच्या रूपाने मांडली आहे, आणि ती आम्हा शिक्षकांना चटकन समजते. ते साधन आज्ञावलीला १० पैकी गुण देते. संकेतभंग, रचनेतील दोष, इशारे आणि चुका असे त्याचे वर्ग आहेत, आणि शिवाय तपासणीच पुढे जाऊ नये असा एक प्राणघातक वर्ग आहे. गुण कापताना इतर दोषांचे वजन एक धरले, तर चुकीचे वजन पाच धरतात. हे पाचाचे प्रमाण कोणी तरी विचार करून ठरविले. निसर्गाने ते ठरविलेले नाही. आणि तेही प्रत्येकाला आपल्या कॉन्फिगमध्ये बदलता येते.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोणत्या नियमाला कोणती पायरी द्यावी? ह्या बाबतीत मलकपेठेच्या रहिवाशाला संगणकाची ओळख नसली तरी अनुभव मोठा आहे, कारण आपण मुसीकाठचे लोक आहोत. हवामान खाते पावसाचे रंग सांगते: हिरवा, पिवळा, नारिंगी आणि तांबडा. पिवळा म्हणजे लक्ष असू द्या; नारिंगी म्हणजे तयारीत राहा; तांबडा म्हणजे आता हालचाल करा. हे सारे इशारेच होत. परंतु वर हिमायतसागराचे दरवाजे उघडून नदी फुगली, की मुसारामबागेच्या जुन्या ठेंगण्या पुलाच्या तोंडाशी पोलीस बॅरिकेड लावून वाहतूक बंद करीत. २०२२ च्या जुलैत असेच झाले होते. हा अडसर. पिवळा रंग तुमच्या बुद्धीला आवाहन करतो आणि निर्णय तुमच्यावर सोपवितो. बॅरिकेड तुमच्या मताची वाट पाहत नाही, कारण तेथे एकाचाही अंदाज चुकला तर तो वाहून जाईल.

ह्या उदाहरणातच योग्य पायरी ठरविण्याची कसोटी आहे. समजा, पावसाळ्याचे चारही महिने रोज पिवळा रंग सांगितला, तर लोक छत्रीसुद्धा बरोबर घेणार नाहीत. आणि समजा, जरा भुरभुर आली की पूल बंद करू लागले, तर चार दिवसांत लोक बॅरिकेड बाजूला सारून जाऊ लागतील. आणि मग ज्या दिवशी पाणी खरोखर पुलावरून वाहील, त्या दिवशीही ते तसेच जातील. इशाऱ्याचा अतिरेक कान बधिर करतो. अडसराचा अतिरेक हात धीट करतो. दोन्ही अतिरेकांची मोठी किंमत संगणकाच्या जगाने मोजली आहे. त्यांपैकी दोन प्रकरणे सर्वश्रुत आहेत, ती सांगते.

पहिले प्रकरण २०१४ सालच्या फेब्रुवारीतील. अॅपल कंपनीच्या आयफोनमध्ये आणि तिच्या संगणकांमध्ये, आपण ज्या दूरच्या संगणकाशी बोलतो आहोत तो खरोखर तोच आहे की कोणी तोतया आहे, ह्याची खात्री करून घेणारा एक भाग होता. त्या भागात ‘गोटू फेल’ ही एक ओळ चुकून दोनदा लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीच्या आधीन होती. दुसरी दिसावयास तिच्याच रांगेत असली तरी कोणत्याही अटीच्या आधीन नव्हती. परिणाम असा झाला, की यंत्र प्रत्येक वेळी तेथून उडी मारून शेवटी जाई. मधल्या ओळी, ज्यांत सहीची खरी पडताळणी होती, त्या कधी चालल्याच नाहीत. आणि तरीही उत्तर ‘सर्व ठीक आहे’ असेच येई. बँकेच्या दारावर पहारेकरी उभा असावा आणि त्याने कोणाचेही ओळखपत्र न पाहता सलाम ठोकावा, तसा हा प्रकार. कंपनीने दुरुस्ती तातडीने पाठविली.

ही चूक यंत्राला दिसण्याजोगी होती काय? होती. ज्या ओळींपर्यंत आज्ञावली कधी पोचणारच नाही, अशा ओळी दाखवून देणारा इशारा ‘क्लँग’ नावाच्या कंपायलरमध्ये तेव्हाही होता. परंतु नेहमीच्या इशाऱ्यांचा जो संच लोक चालू करतात, त्यात तो नव्हता. म्हणजे नियम होता, पण निजलेला होता. ह्या प्रकरणाने बरेच डोळे उघडले. ‘जीसीसी’ ह्या दुसऱ्या प्रसिद्ध कंपायलरने २०१६ च्या आपल्या सहाव्या आवृत्तीत, ओळींची मांडणी आणि त्यांचा खरा अर्थ ह्यांत विसंगती असल्यास सांगणारा एक इशारा आणला आणि तो नेहमीच्या संचातच घातला. एका लहानशा नियमाची पायरी कोणती असावी, हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, हे ह्यावरून दिसते.

दुसरे प्रकरण ह्याच्या अगदी उलट आहे, आणि मला ते अधिक बोधप्रद वाटते. ‘डेबियन’ ही लिनक्सची एक नामांकित आवृत्ती. गुप्त किल्ल्या तयार करणारी ‘ओपनएसएसएल’ नावाची आज्ञावली तिच्यात समाविष्ट आहे. ही आज्ञावली प्रत्यक्ष चालवून तपासणारी साधने, म्हणजे लिंटरची चुलत भावंडेच म्हणा ना, एका ठिकाणी वारंवार तक्रार करीत: ज्या स्मृतीत अजून काही भरलेले नाही, ती येथे वाचली जात आहे. तक्रार खरी होती. २००६ साली ती थांबविण्यासाठी दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. तक्रार थांबली, पडदा स्वच्छ झाला. परंतु त्या दोन ओळींपैकी एकीतून किल्लीत यदृच्छेचा सारा अंश मिसळला जात होता. ती गेल्यावर किल्ली केवळ एका क्रमांकावर अवलंबून राहिली, आणि तो क्रमांक फार तर ३२,७६८ प्रकारचा असू शके. विश्वातील वाळूच्या कणांहून अधिक किल्ल्यांतून एक निवडावयाची, त्याऐवजी एखाद्या तालुक्याच्या गावातील माणसांइतक्या किल्ल्यांतून एक निवडली जाऊ लागली. साधारण संगणकानेही त्या साऱ्या लावून पाहाव्यात. ही गोष्ट उघडकीस येऊन जाहीर झाली ती १३ मे २००८ रोजी. तोपर्यंत डेबियनवर आणि तिच्यापासून निघालेल्या उबुंटूसारख्या आवृत्त्यांवर तयार झालेल्या किल्ल्या बदलून घेण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

पहिल्या प्रकरणात इशारा कोणी ऐकलाच नाही. दुसऱ्यात तो ऐकला, मानला आणि शांत केला; पण तो काय सांगत आहे, ह्याचा पुरता शोध लागला नाही. म्हणून पायरी ठरविताना केवळ ‘सर्वांना एरर करून टाका, म्हणजे शिस्त लागेल’ असे म्हणणे धोक्याचे आहे. प्रत्येक किरकोळ नियम दाराला अडसर घालू लागला, की लिहिणाऱ्याचे ध्येय बदलते. चांगले लिहावे, हे ध्येय राहत नाही; दार कसे तरी उघडावे, एवढेच राहते. आणि दार उघडण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करणे. परीक्षेतील गुणांसाठी पाठ केलेले उत्तर आणि समजून लिहिलेले उत्तर ह्यांत जे अंतर असते, तेच येथेही पडते.

तर मग व्यवहारात काय करावे? मला वाटते, प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न असा, की ह्या नियमाचा भंग झाला तर अर्थ पालटतो की केवळ रूप बिघडते? जावास्क्रिप्टमध्ये ‘ही संख्याच नव्हे’ असे सांगणारी एक खास किंमत आहे, आणि तिचा गुण असा, की ती स्वतःच्याही बरोबर नसते. एखादी किंमत तशी आहे काय हे साध्या बरोबरीच्या चिन्हाने विचारले, तर उत्तर सदैव ‘नाही’ असेच येते. असे लिहिणाऱ्याला अभिप्रेत काही निराळेच असते. हे ‘दीन’ आणि ‘दिन’ ह्यांसारखे आहे. येथे एररच हवी. कधीही न पोचणाऱ्या ओळींचेही तसेच. उलट, ओळ किती लांब असावी, अवतरणचिन्ह एकेरी असावे की दुहेरी, ह्या रूपाच्या गोष्टी आहेत. त्यांसाठी माणसाला इशारेही देऊ नयेत. मजकूर आपोआप नीट लावून देणारी ‘प्रेटियर’सारखी साधने आहेत, ते काम त्यांच्याकडे सोपवावे आणि लिंटरमध्ये ते नियम निजवावेत. ईएसलिंटच्या कर्त्यांनीही २०२३ साली मांडणीचे नियम आपल्या मूळ संचातून निवृत्त करण्याचे ठरविले, ते योग्यच झाले.

दुसरा प्रश्न असा, की हा नियम स्वतः कितपत चुकतो? काही नियमांचा संशय बहुधा खरा ठरतो. काहींचा दहांतून चार वेळा व्यर्थ जातो. जो नियम निरपराध्यालाही वारंवार पकडतो, त्याच्या हाती दाराची किल्ली देऊ नये. त्याला इशाऱ्याची पायरी द्यावी, म्हणजे अंतिम निर्णय मनुष्य करील. एखादे कार्य फार गुंतागुंतीचे झाले आहे, असे सांगणारे नियम ह्या वर्गात येतात. त्यांचे म्हणणे ऐकावे, त्यावर विचार करावा. पण ते प्रत्येक वेळी मानलेच पाहिजे असे नाही.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: हा इशारा दिल्यानंतर कोण, केव्हा आणि काय करणार आहे? ह्याचे उत्तर नसेल तर तो इशारा देऊच नये. नाव ठेवले आणि नंतर वापरलेच नाही, अशा चलांचा नियम घ्या. लिहिता लिहिता अशी नावे पडून राहणे स्वाभाविक आहे. तेव्हा लिहिणाऱ्याच्या पडद्यावर तो नियम पिवळा असावा आणि दारावर तांबडा. तपासणीपुरत्या घातलेल्या छापील ओळींचेही तसेच. घरात काम चालू असताना पसारा चालतो. पाहुण्यांसाठी दार उघडण्यापूर्वी तो आवरावा लागतो. ज्या इशाऱ्याला असा आवरण्याचा दिवस नेमून दिलेला नाही, तो इशारा पडद्यावरचा एक कायमचा डाग होतो. डोळ्याला त्याची सवय होते, आणि त्याच्या शेजारी उमटलेला नवा, खरोखरीचा इशाराही त्या डागात हरवतो. आम्ही ख्रिस्ती मुलांना मोठे पाप आणि लहान पाप असा भेद शिकवितो. पण त्याबरोबर हेही शिकवितो, की लहानाची सवय झाली म्हणजे मोठ्याची भीती उरत नाही.

येथे एक अडचण पुढे येते, आणि नोकरीवर लागलेल्या प्रत्येक तरुणापुढे ती पहिल्याच महिन्यात उभी राहते. नियम नवा आहे; पण आज्ञावली दहा वर्षांची जुनी आहे. नियम एरर केला तर हजार ठिकाणी तांबड्या रेघा उमटून सारे काम थांबते. इशारा केला तर हजार पिवळ्या रेघांकडे कोणी पाहत नाही. अशा वेळी काय करावे?

आपल्या भाषेने हा पेच एकदा सोडविला आहे. जुन्या मराठी लेखनात, उच्चारात नसलेले पण व्युत्पत्तीसाठी ठेवलेले अनुस्वार शब्दांच्या माथ्यावर दिले जात. ते वगळणे ही चूक मानली जाई. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनाचे १४ नियम ठरविले, आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ नियमांची भर घातली. त्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. काल जे न लिहिणे चूक होती, ते लिहिणेच आता नियमाबाहेर गेले. पण म्हणून कोणी ग्रंथालयांतील जुनी पुस्तके पुन्हा छापावयास बसले नाही. जुने ग्रंथ आपल्या जुन्या अनुस्वारांसह कपाटात राहिले. नवे लेखन नव्या नियमाने होऊ लागले. आणि जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली, तर त्या निमित्ताने तोही सुधारता आला.

लिंटरमध्येही हीच रीत पाळता येते. ईएसलिंटला इशाऱ्यांची कमाल मर्यादा सांगून ठेवण्याची सोय आहे. समजा, आज इशारे ३४० आहेत. तर मर्यादा ३४० लिहावी. ३४१ वा इशारा आला, की दार बंद. पुढील आठवड्यात कोणी दहा जागा सुधारल्या, की मर्यादा ३३० करावी. आकडा खाली जाऊ शकतो, वर चढू शकत नाही. शिवाय, २०२५ पासून त्या साधनात आणखी एक सोय आली आहे: जुन्या चुकांची एकदा नोंद करून त्या बाजूला ठेवता येतात आणि नियम एररच्या पायरीवर नेता येतो. मग जुने कपाटात राहते आणि नवे लेखन पहिल्या दिवसापासून नियमाने चालते. मात्र ती नोंदवही अधूनमधून उघडून पाहावी. नाही तर तिचेही विस्मरण होते.

अपवादाविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. नियम कितीही चांगला असला तरी कोठे तरी तो मोडणेच योग्य ठरते. अशा ओळीच्या वर, पुढच्या ओळीपुरता हा नियम लागू नाही, अशी टीप लिहिता येते. ती टीप जरूर लिहावी. पण एका नियमाचे नाव घेऊन लिहावी आणि त्यापुढे कारण द्यावे. ईएसलिंटमध्ये दोन आडव्या रेघा ओढून कारण लिहिण्याची रीतच आहे. कारण न देता सारेच नियम बंद करणारी टीप म्हणजे हजेरीपटावर सही न करता वर्गातून निघून जाणे होय. आणि ज्या टिपेची आता गरज उरलेली नाही, तीही हे साधन शोधून देऊ शकते. ती सोय चालू ठेवावी. डेबियनच्या प्रकरणाचा बोध हाच आहे, की एखाद्या तक्रारीला गप्प करावयाचे असेल, तर ती काय म्हणत आहे हे आधी आपल्या शब्दांत लिहून काढता आले पाहिजे. लिहिता येत नसेल, तर ती अजून आपल्याला समजलेली नाही.

शेवटी, ह्या पायऱ्या केव्हा ठरवाव्यात आणि कोणी ठरवाव्यात? २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला, हे शहर उद्ध्वस्त झाले आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले, आणि त्यांच्या योजनेतून १९२० साली उस्मानसागर आणि १९२७ साली हिमायतसागर पुरा झाला. उस्मानसागराची पूर्ण पातळी १७९० फूट आणि हिमायतसागराची १७६३.५ फूट, असे आकडे ठरलेले आहेत. पाणी त्यांच्याजवळ चढू लागले की दरवाजे उघडण्याचा विचार सुरू होतो. हे आकडे पुराच्या रात्री, भिजलेल्या कागदावर, घाबरलेल्या माणसांनी ठरविलेले नाहीत. ते कोरड्या दिवशी, शांत चित्ताने, हिशेब करून ठरविलेले आहेत. म्हणूनच पुराच्या रात्री त्यांच्यावर विसंबता येते. लिंटरच्या पायऱ्याही अशाच कोरड्या दिवशी ठरवाव्यात. काम ग्राहकाला द्यावयाचे आहे, रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि दारावर तांबडा दिवा लागला आहे, अशा वेळी कॉन्फिगमधील ‘एरर’ खोडून ‘वॉर्न’ लिहिणे अत्यंत सोपे असते. फाइल एक, शब्द एक. तो मोह टाळावयाचा असेल, तर पायरी बदलण्याचा अधिकार एकट्यादुकट्याला नसावा. गटाने बसून, कारण लिहून, ती बदलावी. आणि गटात नव्याने आलेल्या मुलालाही ‘हा नियम येथे का आहे?’ असे विचारण्याची मुभा असावी. त्या प्रश्नाला वडीलधाऱ्यांजवळ उत्तर नसेल, तर बहुधा तो नियमच निजवावयास झाला आहे.

आपल्या घरातील जी मुलेमुली हे काम करतात, त्यांच्या हातून लिहिल्या जाणाऱ्या आज्ञावल्या आज रुग्णालयांत चालतात, बँकांत चालतात, आगगाड्यांच्या तिकिटांत चालतात. त्यांचे पडदे आपण पाहत नाही. पण त्या पडद्यांवरील पिवळ्या आणि तांबड्या रेघांवर आपलेही काही अवलंबून आहे. त्यांना मी एवढेच सांगेन: अडसर थोडे ठेवा आणि ते कोणासाठीही हलवू नका. इशारे त्याहून थोडे ठेवा, आणि प्रत्येकाला उत्तर द्या. बाकीच्या नियमांना सुखाने झोपू द्या. यंत्र शंका काढील, मोजील, रेघ ओढील. पण कोणत्या रेघेपाशी थांबावयाचे, हे ठरविणे त्याच्या हाती नाही. ते काम तुमचे आहे.